मॉरिशसला जातोय, तिथले खरे पक्षी कुठे दिसतील?

डोंबिवलीचा_खंड्या

नमस्कार मंडळी, नोव्हेंबरमध्ये मॉरिशसला जायचं ठरलंय, फॅमिली ट्रिप आहे, म्हणजे आई-बाबा, बायको आणि आठ वर्षांची लेक. हॉटेल फ्लिक आँ फ्लाकला बुक झालंय, बायकोने स्पष्ट सांगितलंय की ही बर्डिंग ट्रिप नाहीये, त्यामुळे मला मिळून मिळून दोन-तीन सकाळी आणि एखादा पूर्ण दिवस मिळेल. आता प्रॉब्लेम असा आहे की ऑफिसमधला एक जण नुकताच जाऊन आला आणि त्याने कौतुकाने पक्ष्यांचे फोटो दाखवले, तर त्यात साळुंकी, शिपाई बुलबुल, पोपट, होला, चिमणी आणि एक लालभडक चिमणीएवढा पक्षी, तो लाल सोडला तर सगळं आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत फुकट दिसतं हो! एवढं तिकीट काढून साळुंक्या बघायच्या का?

तर प्रश्न असे: (१) मॉरिशसचे स्वतःचे पक्षी उरलेत का, आणि कुठे? (२) नोव्हेंबर बरा आहे का? (३) आई-बाबांना जास्त चालवत नाही, त्यांना घेऊन काही जमेल का? (४) लेकीला डोडो बघायचाय. तो नाहीये हे सांगून झालंय, तिला पटलेलं नाही.

---

मोकाकर_पुणेकर

मी कामानिमित्त मॉरिशसमध्येच मोका गावात राहतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

मित्राला नावं ठेवू नका, हॉटेलच्या लॉनवर तेच दिसणार. किनाऱ्याच्या पट्ट्यात जे काही उडताना दिसतं ते जवळपास सगळं बाहेरून आणलेलं आहे. साळुंकी तर आपल्याकडूनच नेलीय, १७६२ मध्ये, उसावर टोळ पडायचे म्हणून फ्रेंचांनी भारतातून मागवली, आणि कीड मारायला मुद्दाम पक्षी आणून तो प्रयोग यशस्वी झाल्याचं जगातलं सुरुवातीचं उदाहरण म्हणून ती पुस्तकांत असते. टोळ गेले, साळुंकी राहिली, आता ब्रेकफास्टला टेबलावर येऊन क्रॉसाँ पळवते. शिपाई बुलबुल १८९२ चा. तुमच्या मित्राचा लाल पक्षी म्हणजे मादागास्कर फोडी, इथे त्याला कार्दिनाल म्हणतात, तोही पाहुणाच. राखी तित्तिरसुद्धा आपलाच, उसाच्या शेतातून सकाळी ओरडताना ऐकलात तर सासवडला आल्यासारखं वाटेल.

हॉटेलच्या बागेत खरा स्थानिक असा एकच मिळण्याची खात्री आहे आणि लोक नेमका तोच सोडून देतात, कारण तो दिसायला अगदीच मामुली आहे. राखाडी चष्मेवाला. आपल्या चष्मेवाल्याचा भाऊबंद पण पिवळा-हिरवा नाही, करडा, उडताना कमरेचा पांढरा पट्टा दिसतो, आणि थवा सतत पिक-पिक पिक-पिक करत झुडपांतून फिरतो. हा मॉरिशस सोडून जगात कुठेही नाही. जंगल गेलं तरी तो बागांशी जुळवून घेऊन टिकला, बाकीच्यांना ते जमलं नाही.

बाकीच्यांसाठी वर जंगलात जावं लागेल. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क, १९९४ चं आहे, बेटाच्या नैर्ऋत्येला. मूळ जंगल चांगल्या अवस्थेत म्हणाल तर बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय आणि त्यातलं बरंचसं इथेच आहे, म्हणून पक्षीही इथेच कोंडल्यासारखे राहिलेत. तुम्ही पेट्रीनला जा. फ्लिक आँ फ्लाकवरून गाडीने तासाभरात पोचता. तिथून माकाबेच्या जंगलाकडे सपाट रुंद वाट जाते, चढ नाही. तिथे एको पॅराकीट, गुलाबी कबूतर, मॉरिशस बुलबुल (साधा काळपट, चोच केशरी, आवाज मात्र छान), आणि नशीब असेल तर ककूश्राइक हा तिथलाच दुर्मिळ पक्षी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे, गंगा तलाव पेट्रीनच्या अगदी जवळ आहे. आई-बाबांना तिथे दर्शनाला सोडा, तुम्ही पक्षी बघून या.

पोपटाबद्दल सावध. खाली किनाऱ्याला दिसतो तो आपला नेहमीचा कंठवाला पोपट, पिंजऱ्यातून सुटून वाढलेला. एको त्याच्यासारखाच दिसतो पण हिरवा जास्त गडद, शेपूट आखूड, आवाज जाडसर. सगळ्यात सोपी खूण मादीची: एकोच्या मादीची चोच काळी असते, आपल्या पोपटाच्या मादीची लालच. पेट्रीनच्या वर दिसला तर बहुधा एको, हॉटेलात दिसला तर फोटो काढून मेमरी वाया घालवू नका.

नोव्हेंबर उत्तम. विणीचा हंगाम चालू असतो, पक्षी ओरडत असतात. साडेपाचलाच उजाडतं, तेव्हा ब्रेकफास्टच्या आधी परत यायच्या गप्पा बायकोला मारू नका, जमणार नाही. आणि पेट्रीनला रेनकोट हवाच, खाली ऊन असेल तरी वर धुकं आणि भुरभुर पाऊस.

---

हिरवी_चिमणी

मस्त उत्तर मोकाकर! मी हनिमूनला गेले होते, तेव्हा पक्ष्यांचं वेड नव्हतं, आता चुटपुट लागते. एकच सांगते, गॉर्जेसच्या व्ह्यूपॉइंटला जाल तेव्हा खाली दरीत बघा, पांढराशुभ्र लांब शेपटीचा पक्षी तुमच्या पायाखालून उडत जातो, एअर मॉरिशसच्या विमानाच्या शेपटीवर असतो ना तोच, पाय-आँ-क्यू म्हणतात. तो समुद्रपक्षी असून डोंगराच्या कड्यांत घरटं करतो म्हणून दरीत दिसतो. वरून खाली बघत पांढरा पक्षी हिरव्या जंगलावर, फोटो एकदम भारी येतो. पण खाऊची पिशवी हातात ठेवू नका, माकडं आहेत.

आणि एक ऐकलेलं, मॉरिशसला एक झाड आहे त्याचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही, म्हणून डोडो गेल्यावर ते झाडही संपत आलं. केवढं वाईट ना!

---

जुना_ससाणा

ती झाडाची गोष्ट फार फिरते व्हॉट्सअॅपवर, पण ती टिकलेली नाही. तांबालाकोक नावाचं झाड. स्टॅनली टेम्पल म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ, त्यांनी १९७७ मध्ये ती कल्पना मांडली, टर्की पक्ष्यांना बिया खाऊ घालून काही रुजवून दाखवल्या. नंतर इतरांनी दाखवून दिलं की बी पक्ष्याच्या पोटात न जाताही रुजतं आणि डोडो गेल्यानंतर वाढलेली झाडंही जंगलात आहेत. झाडं कमी होण्यामागे माकडं, डुकरं, बाहेरून आलेली झुडपं अशी दहा कारणं आहेत. पण डोडो आणि झाड एकमेकांच्या विरहात गेले हे सांगायला गोड, म्हणून तेच चालतं.

गंमत म्हणजे हेच टेम्पल त्याआधी मॉरिशसमध्ये खरुचीवर (छोटा शिकारी ससाणा) काम करत होते, आणि ती गोष्ट खरी आहे आणि डोडोपेक्षा मोठी आहे, पण कोणी फॉरवर्ड करत नाही. तर ती मी इथे लिहितो.

मॉरिशस केस्ट्रल, म्हणजे तिथली खरुची. आपली खरुची माळावर हवेत एका जागी फडफडत उभी राहते, ही तसली नाही. हिचे पंख आखूड आणि गोलसर, जंगलाच्या आत फांद्यांतून घुसून हिरव्या पाली पकडण्यासाठी. १९७४ मध्ये जंगलात उरल्या होत्या फक्त ४. जगातला सगळ्यात दुर्मिळ पक्षी म्हणायचे तेव्हा. कारणं अनेक, जंगलतोड, घरट्यापर्यंत चढणारी माकडं आणि मुंगूस, आणि मलेरियासाठी पन्नास-साठच्या दशकांत फवारलेली डीडीटी. त्या वर्षी एका जोडीने झाडाच्या ढोलीऐवजी उभ्या कड्याच्या कपारीत घरटं केलं, तिथे माकड पोचलं नाही आणि पिल्लं वाचली. आज जेवढ्या खरुच्या आहेत त्यांचा वंश जवळपास एकाच जोडीपर्यंत जातो असं जनुकांचा अभ्यास करणारे सांगतात.

मग १९७९ मध्ये कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण तिथे आला. त्याला खरं तर प्रकल्प गुंडाळायला पाठवलं होतं, काही उपयोग नाही असं वरच्यांचं मत. त्याने गुंडाळला नाही. कड्यावर चढून पहिली अंडी काढायची, इन्क्युबेटरमध्ये उबवायची, मादी दुसऱ्यांदा अंडी घालते ती तिलाच वाढवू द्यायची. जंगलातल्या जोड्यांना वरून खाणं द्यायचं, लाकडी खोकी घरटी म्हणून टांगायची, वाढवलेली पिल्लं हळूहळू सोडायची, मुंगूस आणि मांजरांसाठी सापळे लावायचे. नव्वदच्या दशकापर्यंत शेकडो खरुच्या झाल्या. २०१६ मध्ये जोन्सना इंडियानापोलिस प्राइझ हा प्राणी वाचवणाऱ्यांना दिला जाणारा मोठा पुरस्कार मिळाला.

पण इथे गोष्ट संपवली तर तेही फॉरवर्डच झालं. १९९४ मध्ये धोका कमी झाला असं जाहीर झालं, खाणं देणं बंद केलं, आणि नंतर संख्या पुन्हा घसरली. २०१४ मध्ये तिला परत संकटग्रस्त यादीत टाकावं लागलं. मोकाच्या डोंगरांतली वस्ती तर संपलीच, आता पश्चिमेला गॉर्जेस आणि पूर्वेला बांबू डोंगर एवढ्याच दोन जागा, मिळून चारशेच्या आत. चायनीज पेरूच्या झुडपाने जंगल आतून इतकं गच्च झालंय की खरुचीला शिकारीला उडायला जागाच राहत नाही. म्हणजे पक्षी वाचवला आणि घर वाचवायचं राहिलं असं ते झालंय. गुलाबी कबूतर आणि एकोचं तुलनेने बरं आहे कारण त्यांना अजूनही खाणं, खोकी, पहारा सगळं चालू आहे. कबूतर १९९० च्या सुमारास जंगलात नऊ-दहाच राहिली होती, आता काहीशे आहेत, २०१८ मध्ये त्यांचा दर्जा सुधारला. एकोचा २०१९ मध्ये.

२०२२ मध्ये मॉरिशसने खरुचीला राष्ट्रीय पक्षी केलं. राजचिन्हावर डोडो आहेच, तिथे काही बदल नाही.

---

डोंबिवलीचा_खंड्या

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली पूर्ण दिवस घे, पण एकच. गंगा तलावाची आयडिया घरात हिट झालीये, आईने तर आत्ताच प्रसादाचं सामान काढायला घेतलंय.

जुना ससाणा काका, खरुची दिसण्यासाठी कुठे जाऊ? कुठेतरी वाचलं की एका ठिकाणी उंदीर टाकून बोलावतात.

---

मोकाकर_पुणेकर

ते फर्नी व्हॅली. पूर्वेला, बांबू डोंगरांच्या पायथ्याला. मार्गदर्शक पांढरा उंदीर हवेत उडवायचा आणि खरुची झपकन येऊन उचलायची. जायच्या आधी फोन करून विचारा, दिवस आणि वेळ बदलते. मला स्वतःला तो प्रकार फारसा आवडत नाही, पक्षी जंगली वाटत नाही.

---

जुना_ससाणा

आवडत नाही म्हणणं सोपं आहे मोकाकर. त्याच पक्ष्याची आजी अशाच उंदरावर वाढली म्हणून आज तुम्हाला नावडायला तरी पक्षी आहे. मुलीला दाखवायचा असेल तर फर्नीला जा बिनदिक्कत. तिथे हल्ली एकोही सोडलेत, दोन्ही पक्षी एका फेरीत होतील. फक्त एक हात जोडून विनंती, मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर अजिबात नाही.

---

मोकाकर_पुणेकर

काका, मुद्दा मान्य, आवड मात्र तशीच राहील 🙂 मी गॉर्जेसमध्ये तासन्तास थांबून एक दूरवरचा ठिपका बघतो, त्यात मी खूश.

---

रत्नागिरीची_पणती

नमस्कार दादा. मी मॉरिशसची मराठी, आमचे मूळ रत्नागिरीकडचे, माझे पणजोबा उसाच्या कामाला आले. घरी आता क्रिओलच जास्त बोलतात, मराठी मी शाळेत शिकले, चूक असेल तर सांभाळून घ्या. तुम्ही गणपती होऊन गेल्यावर येताय, नाहीतर म्हटलं असतं घरी या, इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

सगळ्यांनी डोंगर सांगितला, मी समुद्र सांगते. लहान मुलगी आहे तर इल ओ झेग्रेतला जाच. माहेबूरजवळून बोटीने पाच-दहा मिनिटांत पोचता, २६ हेक्टरचं छोटं प्रवाळाचं बेट. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे लोक फिरवतात, एकट्याने उतरता येत नाही. जाताना बुटांचे तळ साफ करायला लावतात, बाहेरचं बी नको म्हणून. उंदीर आणि मांजरं तिथून काढून टाकलीत, बाहेरची झाडं उपटून मूळची लावलीत. गुलाबी कबूतर तिथे अगदी डोक्यावरच्या फांदीवर बसतं, पायात रंगीत कडी असतात, मुलीला सांगा कड्यांचे रंग लिहून घे, प्रत्येक पक्ष्याचा रंगांचा जोड वेगळा. शिवाय मोठी कासवं वाटेवर आडवी झोपलेली असतात, मुलं पक्षी विसरतात आणि कासवाची मान खाजवत बसतात.

तिथेच मॉरिशस फोडी बघा. हॉटेलातल्या कार्दिनालचं जवळजवळ सगळं अंग लाल असतं, आणि डोळ्यातून काळी रेघ. आमच्या फोडीचं डोकं आणि छाती लाल, बाकी अंग शेवाळी-तपकिरी. आणि ऑलिव्ह चष्मेवालाही तिथे आहे, तो सगळ्यात धोक्यात, जगात थोड्याशाच जोड्या, लाल फुलांत चोच घालून मध पितो. तो दिसला तर मोकाकरदादांना सांगा, त्यांना हेवा वाटेल.

२०२० मध्ये वाकाशिओ जहाज ह्याच भागात खडकावर चढलं, जुलैच्या शेवटी. ऑगस्टमध्ये तेल सुटलं आणि बेटाच्या कडेपर्यंत काळं झालं. तेव्हा काही फोडी आणि चष्मेवाले पकडून आधी सुरक्षित जागी हलवले, कारण इतके कमी पक्षी एकाच टोपलीत ठेवायची कोणाची छाती होणार? आम्ही घरोघरी उसाचं पाचट आणि कापड भरून लांब गुंडाळ्या शिवल्या, तेल अडवायला. आमच्याकडे केस कापून देणारेही होते, केस तेल धरून ठेवतात म्हणून.

---

खाडीतला_चिखल्या

मी ठाणे खाडीवाला, त्यामुळे मला जंगलातलं कळत नाही, पण पाहुण्या पक्ष्यांचं कोणीच बोललं नाही म्हणून घुसतो. पोर्ट लुईच्या उत्तरेला लागूनच रिव्ह्युले तेर रूज नावाची खाडी आहे, तीसुद्धा २६ हेक्टर, २००१ पासून रामसार स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. ऑक्टोबर ते एप्रिल तिथे उत्तरेकडून चिखलपक्षी येतात, कर्ल्यू सँडपायपर, टर्नस्टोन, व्हिंब्रेल, ग्रे प्लोव्हर, तुतारी. कर्ल्यू सँडपायपर सैबेरियाच्या अगदी वरच्या टोकाला अंडी घालतो, त्यातले काही आपल्या शिवडी-भांडुपला थांबतात, काही आणखी खाली त्या एवढ्याशा बेटापर्यंत जातात, पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्यात. वाटेत हजारो किलोमीटर पाणीच पाणी, हे मला अजूनही पचत नाही.

तुम्ही डोंबिवलीचे म्हणजे भरतीचं टाइमटेबल बघून जायची सवय असेल, तिथे ते फारसं लागत नाही, भरती-ओहोटीत पाण्याचा फरक जेमतेम अर्धा मीटर. तरी ओहोटीला गेलेलं बरं, चिखल उघडा असतो. संख्या आपल्यासारखी हजारांनी नसेल हे मनात ठेवा. वास मात्र घरच्यासारखा.

---

हिरवी_चिमणी

आणि लेकीच्या डोडोचं काय? ते राहिलं की.

---

जुना_ससाणा

पोर्ट लुईला नॅचरल हिस्टरी म्युझियम आहे, तिथे डोडोचा सांगाडा आहे. इतर संग्रहालयांत असतात ते बहुतेक अनेक डोडोंची हाडं जोडून केलेले, हा एकाच पक्ष्याचा. एत्येन तिरियू नावाच्या न्हाव्याला सापडला होता, सुट्टीत डोंगरात हाडं शोधत फिरायचा. चिखल्यांची खाडी तिथून जवळच, सकाळी खाडी आणि नंतर म्युझियम असं जमेल.

आणि मुलीला हेही सांगा की डोडो आपल्या देशात येऊन गेलाय. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकात सुरतेत दोन डोडो बघितल्याचं लिहून ठेवलंय. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं म्हणून ओळखलं जाणारं एक चित्र आहे, साधारण १६२५ च्या सुमाराचं, त्यात आपल्या पक्ष्यांच्या मधोमध डोडो उभा आहे. डोडोच्या रंगरूपाचा अंदाज बांधताना अभ्यासक त्या चित्राला फार मानतात, कारण युरोपातली चित्रं बरीचशी लठ्ठ आणि एकमेकांवरून काढलेली. डच १५९८ मध्ये बेटावर उतरले आणि १६६२ नंतर डोडो दिसल्याची पक्की नोंद नाही. खाऊन संपवला असं सगळे म्हणतात, पण जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरं आणि माकडं जमिनीवरचं अंडं सोडत नव्हते, ते जास्त महागात पडलं.

---

डोंबिवलीचा_खंड्या

लेक आता म्हणतेय आधी सुरतला जाऊ.

प्लॅन असा केलाय: एका सकाळी तेर रूज आणि म्युझियम, पूर्ण दिवस पेट्रीन-माकाबे-व्ह्यूपॉइंट (आई-बाबा गंगा तलाव), आणि निघायच्या दिवशी फ्लाइट रात्रीची आहे म्हणून सकाळी इल ओ झेग्रेत, विमानतळ तिथून जवळच आहे असं नकाशात दिसतंय. फर्नी त्याच दिवशी घुसवू का?

---

रत्नागिरीची_पणती

फर्नी आणि माहेबूर गाडीने जवळ आहेत, पण लहान मूल आणि आजी-आजोबा असताना एका दिवसात दोन्ही करू नका दादा. बोटीच्या जागा ठरलेल्या असतात, आधी बुक करा. आणि आईंना सांगा, गंगा तलावाला माकडं प्रसाद हिसकावतात, पिशवी झिपवाली आणा.

---

मोकाकर_पुणेकर

खंड्या, तारीख कळव, पेट्रीनला मी येतो. दुर्बीण आहे का जास्तीची? माझी आतून बुरशी लागून बाद झालीये, इथल्या दमट हवेत एक टिकत नाही. तुझ्या सामानात सिलिका जेलची पाकिटं टाक, लेन्सच्या बॅगेत.